आप मेला, जग खोकलं!

स्क्रीन अंधारते आणि मधोमध लाल रंगात एकच जपानी अक्षर उमटतं. अर्थ : मृत्यू. ‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस’ खेळणाऱ्यांना हे अक्षर स्वतःच्या सहीइतकं पाठ झालेलं असतं. कारण या गेममध्ये तुम्ही आधी मरायला शिकता, जिंकायचं नंतर बघू. साधा पहारेकरी मारतो, कोंबडासुद्धा मारतो, आणि पहिला मोठा बॉस समोर आला की संध्याकाळची रात्र कधी झाली ते कळत नाही.

22 मार्च 2019 ला जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने हा गेम आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला, आणि 2023 पर्यंत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. काळ जपानमधल्या यादवीच्या शेवटाचा. आशिना नावाचं एक काल्पनिक, बर्फाळ, डोंगराळ राज्य मोडायला आलंय. कुरो नावाचा एक लहान मुलगा आहे. त्याच्या रक्तात अमरत्व आहे. आणि त्याचा एक रक्षक आहे, एका हाताचा, ज्याला सगळे ‘लांडगा’ म्हणतात. तो समुराई नाही, शिनोबी आहे, हे सांगायला कोणीतरी फोन करणारच. मान्य. पण भोवतालचं जग सगळं समुराईंचं आहे : गढी, तलवार, घराणं, निष्ठा, आणि त्या निष्ठेची किंमत.

आता खरं बोलू. आपल्याकडे बहुतेकांनी हा गेम खेळलेला नाही, बघितलाय. वासिंद, किन्हवली, टोकावडे, सरळगाव इथल्या किती घरांत प्लेस्टेशन असणार? पोरांच्या हातात मोबाइल आहे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली, 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर. खेळ काही थांबला नाही, फक्त नाव बदललं. सेकिरो मात्र यूट्यूबवर चालतो. दुसरं कोणीतरी हिंदीत बडबडत खेळतंय आणि आपला गडी कसारा लोकलच्या दारात उभा राहून, एक कान मोकळा ठेवून बघतोय. त्यातही मजा आहे. स्वतः खेळताना बोटं गुंतलेली असतात. बघणाऱ्याला गोष्ट दिसते.

मोठ्यांची तक्रार ठरलेली : ‘दिवसभर मोबाइलवर मारामारी, या पोरांना मरणाचं काय वाटंनासंच झालंय.’ ही तक्रार हसण्यावारी नेता येत नाही, कारण अर्धी खरी आहे. मोबाइलवरच्या बॅटल गेममध्ये मरण म्हणजे लॉबी. मेलास? चल, दुसरी मॅच लाव. आपली जुनी म्हण आहे ना, आप मेला, जग बुडाले. बहुतेक गेम याच म्हणीवर चालतात. तुम्ही मेलात की जग थांबतं, तुमच्यासाठी मागे फिरतं, आणि तुम्ही पुन्हा उभे राहिलात की काही झालंच नाही असं वागतं.

सेकिरोमध्ये जग बुडत नाही. जग खोकायला लागतं.

हे नीट समजून घ्यायला हवं. कुरोने लांडग्याला आपल्या रक्ताची शक्ती दिलेली आहे, त्यामुळे तो मेला तरी उठतो. पण हे उठणं फुकट नाही. मरताना जवळचे अर्धे पैसे जातात, कमावलेला अर्धा अनुभव जातो, तो भाग वेगळा. खरी गोम पुढे आहे. तुम्ही पुन्हा पुन्हा मेलात की वाटेत भेटलेली माणसं एकेक करून आजारी पडतात. मोडक्या देवळात बसून मूर्ती कोरणारा म्हातारा. जखमी सैनिक. त्याची वाट बघत बसलेली आई. रस्त्याकडेला सामान मांडून बसलेला विक्रेता. सगळे खोकतात, छाती धरून बसतात, बोलता बोलता थांबतात. या रोगाला गेममध्ये ‘ड्रॅगनरॉट’ म्हणतात. एम्मा नावाची वैद्य त्यावर औषध शोधते तेव्हा कळतं, की या लोकांच्या अंगातलं रक्त साचलंय, वाहायचं थांबलंय. तुमच्या जास्तीच्या आयुष्याचं बिल त्यांच्या नावावर फाटतं.

पहिल्यांदा हे कळतं तेव्हा खेळणारा जरा गप्प होतो. कोणत्याही नीतिकथेपेक्षा हा धक्का मोठा आहे, कारण इथे तुम्हाला कोणी काही सांगत नाही. तुम्ही केलंय, तुम्हाला दिसतंय.

आता आपल्याकडचा पाऊस आठवा. दरवर्षी जून-जुलै आला की जिल्हा प्रशासन शहापूर-मुरबाडमधले धबधबे, धरणं आणि माळशेज घाटातल्या धोक्याच्या जागांसाठी मनाई आदेश काढतं. दरवर्षी तो आदेश मोडला जातो आणि दरवर्षी कोणीतरी वाहून जातं. बातमी आपण वाचतो ती वाहून गेलेल्याची : वय, गाव, ग्रुपमध्ये किती जण होते. त्यानंतरची बातमी फार कमी छापून येते. भर पावसात दोर घेऊन खाली उतरतात ती बहुतेक वेळा जवळच्या पाड्यावरचीच पोरं असतात. त्यांना कोणता दगड निसरडा, कोणत्या डोहात भोवरा, हे ठाऊक असतं म्हणून पोलीस त्यांनाच हाक मारतात. त्यांची दिवसाची मजुरी बुडते, लावणी अडते, रात्री डोळ्यांसमोरून ते फुगलेलं शरीर हलत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पाड्यावरचा वडापावचा स्टॉल बंदीमुळे उचलला जातो. रीलमध्ये उडी मारणाऱ्याचा चेहरा असतो. खोकणाऱ्यांचा नसतो.

‘गेम खेळून पोरं बेफिकीर होतात’ असं म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर एवढंच आहे, की बेफिकिरी शिकवणारे गेम आहेत, तसाच त्या बेफिकिरीचा हिशोब मांडणारा एक गेमही आहे. कोणता गेम, हे तरी विचारा. सरसकट मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा ते सोपं आहे.

*

सेकिरोची दुसरी मोठी गोष्ट आहे साचण्याची. आशिनाच्या डोंगरात एक पवित्र झरा आहे. वरून पाणी येतं, सगळ्या राज्यातून वाहतं, आणि ज्यांना ते पाणी धरून ठेवायचंय ते बिघडत जातात. सेनपो मठातले भिक्षू अमर व्हायच्या नादात ध्यान विसरले. त्यांच्या अंगात आता गोमेसारखा एक किडा राहतो, तो त्यांना मरू देत नाही. त्यांनी अमरत्वाच्या प्रयोगांसाठी लहान मुलं वापरली. मठाच्या वाटेवर रोवलेली भिरभिरी दिसतात तेव्हा आधी छान वाटतं, मग अर्थ कळतो आणि पोटात गोळा येतो. मिबू गावातली माणसं मेलीत तरी फिरताहेत. सगळ्यात वर, राजवाड्यात, उमराव बसलेत. ते तुमचं तारुण्य ओढून घेतात, आणि तुम्ही चालता चालता म्हातारे होता.

आणि हानबेई. देवळाच्या अंगणात उभा असलेला एक समुराई, जो मरत नाही. नवशिक्या खेळाडूंनी त्याच्यावर तलवारीचा सराव करायचा. तो पडतो, उठतो, म्हणतो पुन्हा या. आपण त्याला डमी समजून शंभरदा मारतो. पुढे अमरांनाही मारू शकणारी तलवार लांडग्याच्या हाती लागते, तेव्हा हानबेई हळूच विचारतो की मला सोडवशील का. एवढ्या सगळ्या रक्तपातात जीव तोडतो तो हा प्रसंग, आणि त्यात लढाई नाहीच.

जपानी माणसाकडे यासाठी शब्द आहे ‘मुजो’. आपल्याकडचा अनित्य. शब्द परका नाही. इथून तिकडे गेलेला आहे, बुद्धाच्या धम्माबरोबर. कल्याण आणि सोपारा बंदरातून माल घेऊन निघालेले तांडे दोन हजार वर्षांपूर्वी मुरबाडवरूनच नाणेघाट चढून जुन्नरला जायचे, आणि त्या जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांची रांगच्या रांग आहे. ‘सगळं बदलतं, धरून ठेवू नका’ ही गोष्ट वैशाखऱ्याच्या पायथ्याशी कोणीतरी कोणाला तरी नक्की सांगितली असणार.

पण गेम इथे थांबला असता तर तो एक प्रवचन झाला असता. सेकिरोचा मोठेपणा असा, की ज्याला धरून ठेवायचंय तो खलनायकसुद्धा आपल्याला पटतो. गेनिचिरो आशिना. त्याचा आजोबा इश्शिन याने वीस वर्षांपूर्वी तलवारीच्या बळावर हे राज्य मिळवलं. आता आजोबा मरणाच्या दारात आहे, बाहेर मोठ्या सत्तेचं सैन्य जमलंय, आणि नातवाला आपली माती वाचवायची आहे. त्यासाठी त्याला कुरोचं रक्त हवंय. सैनिक मरायलाच नकोत, म्हणजे राज्य पडणार नाही. यात स्वार्थ कुठे आहे? आपल्या गावासाठी कोणी असा पेटून उठला तर आपण त्याचे बॅनर लावू. तरीही तो चुकतो. कारण एका मुलाला साधन बनवून तो जे वाचवतोय, ते आधीच संपलेलं आहे.

इथे शहापूरकरांना माहुली आठवायला हवी. आसनगाव स्टेशनवरून दिसते ती. सेल्फी, सुळके, करवंदं यापलीकडे त्या गडाची एक गोष्ट आहे. ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत येत नाही, कारण ती जिंकण्याची नाही.

1633 मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतलं आणि निजामशाही बुडाल्यात जमा झाली. शहाजीराजांनी निजामशाही वंशातला मूर्तजा नावाचा एक लहान मुलगा शोधला, संगमनेरजवळ पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. एकीकडे शहाजहानचं मोगल सैन्य, दुसरीकडे आदिलशाही. स्वतः शहाजहान दक्षिणेत उतरला. 1636 मध्ये माहुलीला वेढा पडला. मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान, दोघेही खाली. गडावर शहाजीराजे आणि तो बाल निजामशहा. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही तेव्हा गडावर होते असं सांगितलं जातं.

एक मोडकं राज्य, एक लहान मालक, एक शूर रक्षक, खाली दोन सैन्यं. मियाझाकींनी माहुलीचं नावही ऐकलं नसेल, पण परिस्थिती जवळपास तीच आहे.

शहाजीराजांनी गड सोडला. मुलाला मोगलांच्या हवाली केलं, निजामशाही तिथेच संपली, ते स्वतः आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि पुढे कर्नाटकात. संपलेल्या गोष्टीला संपू देण्याचा हा निर्णय होता. पुढे जे स्वराज्य उभं राहिलं ते निजामशाहीची मोडकी खुर्ची दुरुस्त करून नाही, नव्याने उभं राहिलं. माहुलीची शिकवण एवढीच आहे असं म्हणून इथे टाळ्या वाजवता आल्या असत्या.

पण मूर्तजाचं काय झालं? त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. ज्याच्या नावाने तीन वर्षं तलवारी चालल्या त्या पोराबद्दल आपल्या पुस्तकांत यापलीकडे ओळ सापडणं अवघड. त्याला गादी हवी होती का, हे कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. सेकिरो लिहिणाऱ्यांनी नेमकं ते केलं. कुरोला तोंड दिलं. अमरत्व संपवायचं हे त्या मुलाचं म्हणणं आहे, आणि लांडग्याने ते ऐकायचं की वडिलांचा हुकूम मानायचा, यावर गेमचा शेवट ठरतो. वडिलांचं ऐकलंत तर लांडगा ‘शुरा’ होतो, मारण्याशिवाय काही न उरलेला माणूस. आज्ञाधारक मुलाच्या वाट्याला सगळ्यात वाईट शेवट! आपल्या घरांत हे ऐकवलं तर चपला पडतील, पण विचार करण्यासारखं आहे.

आज्ञा मोडण्यावरून मुरबाडचं एक उदाहरण. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते, तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले. कायद्याच्या पोटात राहून चांगलं आयुष्य काढता आलं असतं. 1942 मध्ये त्यांनी आझाद दस्ता काढला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील मारले गेले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. तिथे रिस्पॉन नव्हता, हे सांगायची गरज नाही.

*

‘बदल अटळ आहे.’ हे वाक्य आपल्या दोन तालुक्यांनी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा महाराष्ट्रात फार कमी लोकांनी ऐकलं असेल. गंमत अशी, की ते नेहमी खुर्चीत बसलेला माणूस उभ्या असलेल्या माणसाला सांगतो.

तानसा धरण 1892 चं. मग मोडक सागर, मग भातसा, मग 2014 मध्ये मध्य वैतरणा. शहापूर तालुक्यात आणि त्याच्या शिवेवर अडवलेलं हे पाणी मुंबईला जातं. मुंबई रोज पिते त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं आहे. आणि दर एप्रिल-मे मध्ये त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. बाई हंडा घेऊन चालते त्या वाटेशेजारून मोठाली जलवाहिनी जाते. डोंगरावरून पाणी येतं, वरच्या वाड्यातले उमराव तरुण राहतात, खालच्या गावातली माणसं सुकतात. सेकिरोत हे बघून आपण म्हणतो, काय भयानक कल्पना आहे राव! कल्पना कसली?

इकडे मुरबाडला बारवी. औद्योगिक पट्ट्यासाठी, शहरांसाठी धरण झालं, मग टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढली आणि तालुक्यातली आणखी काही गावं-पाडे पाण्याखाली गेले. बाधित कुटुंबांना नोकरी आणि मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, शहापूर तालुक्याच्या अंगावरून. उद्घाटनाचे फोटो सगळीकडे होते. त्याच रस्त्याच्या कामावर 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री सरळांबे गावाजवळ गर्डर बसवणारं अवाढव्य यंत्र कोसळलं आणि 20 माणसं गेली. बरेचसे मजूर परराज्यांतून आलेले. आज त्या पुलावरून गाडी ताशी शंभरच्या वर जाते. इतक्या वेगात खालचं गाव दिसत नाही, तर ते वीस जण कुठून दिसणार?

गैरसमज नको. गावं होती तशी गोठवून ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. ते सेनपो मठातल्या भिक्षूंचं काम. शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणाऱ्या काही मंडळींना गाव ‘अनटच्ड’ हवं असतं. शेणाने सारवलेलं अंगण त्यांच्या फोटोपुरतं, आणि त्या अंगणातल्या मुलीने मात्र कल्याणच्या कॉलेजात जाऊ नये की काय? रस्ता हवा, रेल्वे हवी, दवाखाना तर कालच हवा होता. रात्री साप चावलेल्या माणसाला ज्यांनी झोळीतून खाली आणलंय त्यांना रस्त्याचं मोल कोणी शिकवू नये. बदलाला नाही म्हणायचं नाहीये. बदलाच्या बदल्यात खोकतंय कोण, हा प्रश्न विचारायचा आहे. ग्रामसभेत विचारायचा आहे, मोबदल्याच्या यादीवर नाव शोधताना विचारायचा आहे, बापाने सही करण्याआधी सातबारा हातात घेऊन विचारायचा आहे. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ग्रामसभेत बसायचा हक्क आहे. तिथे पोरं दिसत नाहीत, बाहेर पारावर हेडफोन लावून दिसतात. तो खेळ जरा पॉज करा आणि आत जा.

*

आणि जे गेलं त्याचं काय करायचं? आपल्या मातीत याची दोन उत्तरं दगडात आहेत.

पहिलं उत्तर वीरगळ. ठाणे आणि उत्तर कोकणात जुन्या देवळांच्या आवारात, तळ्याकाठी, झाडाखाली असे दगड उभे असतात. बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ तर माणसापेक्षा उंच आहेत आणि त्यांवर नावांच्या लढाया कोरल्यात. दगड वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई, कधी चोरलेल्या गाई सोडवतानाची, आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. वरती तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. अगदी शेंड्याला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. लेव्हल एक, दोन, तीन, असं कोणी म्हटलं तर रागावू नका, तो दगड खरंच तसाच वाचतात. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. माणूस आहे, त्याची तलवार आहे, मरणाची तऱ्हा आहे, नाव गेलं. गावात त्याला शेंदूर लावून कोणत्यातरी देवाच्या नावाने हाक मारतात.

दुसरं उत्तर नाणेघाटात, मुरबाड चढून गेल्यावर, घाटमाथ्याच्या लेण्यात. तिथे सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, राणी नायनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. नावं भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, अजून वाचता येतात. मूर्ती फुटून गेल्या. काही ठिकाणी फक्त पावलं उरलीत. शेजारच्या भिंतींवर नायनिकेचा लांबलचक लेख आहे, कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती नाणी दान दिली त्याचा. दान दिलेल्या गाईंचा आकडा राहिला, राणीचा चेहरा नाही राहिला.

इथे माणूस राहिला नि नाव गेलं. तिथे नाव राहिलं नि माणूस गेला. दोन्ही बघून हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. तरी दोन्ही ठिकाणी कोणीतरी छिन्नी उचलली होती. सेकिरोतला तो म्हातारा मूर्तिकारही तेच करतो. त्याने आयुष्यात खूप माणसं मारलीत, आता तो बुद्ध कोरत बसतो आणि त्याच्या हातून प्रत्येक वेळी संतापलेलाच बुद्ध उतरतो. तरीही दुसरा लाकडाचा ठोकळा घेतो.

जपानमधल्या त्सुशिमा बेटाचं उदाहरण बघा. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या 2020 च्या गेममुळे ते जगभर पोचलं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या वादळात तिथल्या एका देवस्थानाची समुद्राकाठची कमान पडली, तेव्हा गेम खेळणाऱ्यांनी देशोदेशींहून वर्गणी पाठवली. माहुलीवर कोणी गेम करेल तेव्हा करेल. तोवर आपल्याकडे छिन्नीऐवजी मोबाइल आहे.

म्हणून या पानाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. बारवी, भातसा, तानसा, वैतरणा यांतल्या कोणत्याही धरणाखाली गेलेलं गाव, पाडा, देऊळ, विहीर, शेत, चावडी, ज्याला ठाऊक आहे अशी आजी किंवा आजोबा अजून तुमच्या घरात, शेजारात असतील. त्यांच्याजवळ बसा. पाड्याचं नाव काय होतं, तिथे कोणती घरं होती, शेवटचा लग्नाचा मांडव कोणाच्या दारात पडला, पाणी चढलं तेव्हा काय उचललं आणि काय राहिलं, ते विचारा. रेकॉर्ड करा, ते कचरले तर नुसतं लिहून घ्या. सरळांब्याच्या पुलावर काम केलेला कोणी मजूर तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्याशीही बोला. गावाचं नाव, सांगणाऱ्याची परवानगी आणि गोष्ट. तीनशे शब्द पुरेत, शुद्धलेखनाची काळजी आमच्यावर सोडा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाठवा. एकदा लावणी सुरू झाली की कोणी बोलायला सापडत नाही.